मध्ये उतरावं लागतं

दुपारी नाजिमाच्या मोबाईलवर अब्बांचं नाव उमटलं, आणि काहीतरी वाईट झालंय हे तिने फोन उचलायच्या आधीच ठरवून टाकलं. अब्बा ऑफिसच्या वेळात फोन करत नसत. कामावरच्या माणसाला हाक मारू नये हा त्यांचा फॅक्टरीतला नियम होता. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले तरी नियम निवृत्त झाला नव्हता. ती खुर्ची मागे सारून खिडकीशी गेली. "जेवलीस?" अब्बांनी विचारलं. "हो." "बरं." मग थोडा वेळ नुसता खडकी बाजारचा आवाज, कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न. "काय विचारत होतो, तुझं ते चौदा तासांचं... मध्ये उतरावं लागतं का?" त्याच वेळी लोहगावच्या धावपट्टीवरून एक लढाऊ विमान उठलं आणि खिडकीची काच थंडीने दात वाजावेत तशी वाजायला लागली. विमाननगरातल्या या ऑफिसात अशा वेळी सगळेजण बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबत आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलू लागत. नव्या माणसाला ते वेड्यासारखं वाटायचं, महिन्याभरात तोही तसंच करायचा. नाजिमाही थांबली. पण आवाज ओसरल्यावर तिला वाक्य सापडेना. "उतरावं लागतं," ती शेवटी म्हणाली. "दोनदा." "बरं," अब्बा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी निसटलं हे कळलं. ती जागेवर येऊन बसली. समोरच्या पडद्यावर दोन विमानतळांची नावं होती, खाली त्यांच्यातलं अंतर, त्याखाली उड्डाणाचा वेळ. हेच तिचं काम होतं. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची जोडी घ्यायची आणि त्यांच्यातलं अंतर किती, विमानाला किती वेळ लागेल, हे सांगणारं एक पान बनवायचं. अशी हजारो पानं त्यांच्या वेबसाइटवर होती आणि ती बरोबर आहेत की नाहीत हे नाजिमा बघायची. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला हे काम थोडं होतं, पण तिला ते आवडायचं. पहिल्याच आठवड्यात तिने पकडलं होतं की कुणीतरी पुण्याच्या रेखांशामागे उणेचं चिन्ह टाकलंय, आणि त्यामुळे अख्खं पुणे उचलून कॅरिबियन समुद्रात, हैतीच्या किनाऱ्याशी नेऊन ठेवलंय. पुण्याहून मुंबईला जायला अर्धा दिवस लागतो असं ते पान सांगत होतं. "लागतो की," शेजारची स्पृहा म्हणाली होती, "घाटात शनिवारी बघ." स्पृहा या नोकरीकडे फार गंभीरपणे बघायची नाही. ज्या दोन गावांमध्ये एकही विमान जात नाही त्यांचाही उड्डाणाचा वेळ आपण का देतो, असं नाजिमाने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "लग्न जमलं नाही म्हणून काय झालं, पत्रिका तरी जुळवून ठेवायची."

तो वेळ काढायची पद्धत साधी होती. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर घ्यायचं, विमानाच्या सरासरी वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी त्यात अर्धा तास मिळवायचा. त्यात ढग नसत, रांगा नसत, परदेशातल्या विमानतळावरच्या थंड खुर्च्या नसत. त्या वेळात आजवर कुणी कुठे पोचलंय असं नव्हतं, पण तो चूकही नव्हता. आणि महिन्यापूर्वी सातासमुद्रापारच्या एडमंटनच्या विद्यापीठाचं उत्तर आलं, बर्फाच्या थरांमधून उष्णता कशी सरकते यावर पाच वर्षं संशोधन करायची जागा मिळाली, त्या संध्याकाळी अब्बांनी जेवताना "किती लांब आहे?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून तो वेळच बाहेर पडला होता. "साडेचौदा तास," ती म्हणाली होती. तिने तिकिटं बघितली नव्हती असं नव्हतं. पण दिवसभर जो आकडा आपण दुसऱ्यांना देतो तोच जिभेवर आला, आणि आल्यावर तो इतका आटोपशीर वाटला की तिने तो तसाच ताटाशेजारी राहू दिला. अब्बांनी त्यातला अर्धा तास सोडून दिला. दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात सांगत फिरले, चौदा तास.

आज त्या जागेला होकार किंवा नकार कळवायचा शेवटचा दिवस होता. होकाराचा मजकूर तयार होता, दोनच ओळींचा. घरी जाऊन, अब्बा-अम्मी समोर असताना तो पाठवायचा असं तिने ठरवलं होतं. अब्बा तिला अडवतील अशातले नव्हते. ते दार लावून घेणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत. पण त्यांच्या 'जा'शिवाय गेलं तर आपण कुठेही उतरलो तरी पाय टेकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तो 'जा' त्यांनी चौदा तासांवर दिला होता. "तुझा चेहरा बघ," स्पृहा म्हणाली, "कुणाचं विमान पडलं?" "कुणाचं नाही." "मग घरी जा. उरलेल्या जोड्या मी बघते, त्या काही पळून जात नाहीत."

बस येरवड्यापर्यंत रखडत आली. खिडकीच्या गजाला कपाळ टेकून नाजिमा बसली होती आणि गजाची थरथर दातांत उतरत होती. तुरुंगाची लांबलचक भिंत सुरू झाली. फाटकाबाहेर भेटीला आलेले लोक पिशव्या घेऊन उभे होते. एका बाईने पिशवी खालीही ठेवली नव्हती, दोन्ही हातांत धरून ती भिंतीकडे बघत होती. भिंतीपलीकडचा तिचा माणूस तिच्यापासून किती लांब असेल, असा विचार नाजिमाच्या मनात आला आणि सवयीने ती मनात मोजायला लागली, मग थांबली. अंतर आणि पोचणं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात आजवर एका भागाकाराने जोडलेल्या होत्या. त्या रात्रीच्या जेवणात अब्बांनी अजून काय काय विचारलं होतं ते ती आठवायला लागली. घरात दखनी आणि मराठी अशी सरमिसळ चालायची. थट्टा, भांडण, लाड दखनीत, पण काही महत्त्वाचं असलं की अब्बा मराठीत बोलायचे. फॅक्टरीत त्यांनी सगळ्या गंभीर गोष्टी मराठीतच ऐकल्या होत्या, म्हणून असेल. त्या रात्री ते मराठीत आले होते. "चौदा तास म्हणजे सकाळी निघालं की?" "रात्रीपर्यंत तिथे." "आणि तिथून? तिथून सकाळी निघालं तर?" "तेवढाच वेळ, अब्बा. रात्रीपर्यंत इथे." "म्हणजे एका दिवसात." "एका दिवसात." "मग ठीक आहे," अब्बा म्हणाले होते आणि त्यांनी अम्मीपुढे ताट केलं होतं. थोरला जावेदभाई त्या दिवशी कोंढव्याहून आला होता, तो हसून म्हणाला होता, "अब्बा, जायच्या आधीच परतीचं बघताय?" अब्बा हसले नव्हते. तिला तेव्हा वाटलं होतं, मुलगी परत कधी येईल हे बापाने विचारावं यात नवल काय. आता बस सिग्नलला उभी असताना त्या बोलण्यातले दोन शब्द तिला वेगळे ऐकू आले. एका दिवसात. अब्बा सुट्टीला येण्याबद्दल विचारत नव्हते. सुट्टीला माणूस दोन दिवसांनी आला तरी चालतं.

मिरजेची दादी गेली तेव्हा नाजिमा नऊ वर्षांची होती. मे महिना होता. पहाटे फोन आला आणि मिळाली ती पहिली गाडी धरून ते निघाले. ती गाडी वाटेत एका छोट्या स्टेशनावर मालगाडीला जागा देत उभी राहिली. फलाटावर एक माणूस कलिंगडाच्या फोडी विकत होता आणि तिला त्या हव्या होत्या, पण अम्मीने डोळ्यांनीच नाही म्हटलं. अब्बा दारात उभे होते. सिग्नलच्या तांबड्या दिव्याकडे ते असे बघत होते की जणू डोळे हलले तर तो कधीच हिरवा होणार नाही. घरी पोचले तेव्हा मयतीला न्हाऊ घालायचं अंगणातलं तख्त ओलं होतं आणि कापराचा, गुलाबपाण्याचा वास होता, पण दादी नव्हती. दुपारच्या नमाजानंतर नेलं होतं. "गर्मी किती होती, भाई," काका म्हणाले, "ठेवता नाही आलं." कुणाचं काही चुकलं नव्हतं. मयत लवकर दफन करायची, ताटकळत ठेवायची नाही. उशिरा येणाऱ्यासाठी थोडं थांबतात, फार नाही. अब्बा तसेच कब्रस्तानात गेले. परत आल्यावर नळाखाली ते किती तरी वेळ हात धूत राहिले, मग फुफीसमोर, त्यांच्या बहिणीसमोर, येऊन बसले आणि म्हणाले, "चेहरा कसा होता?" फुफी म्हणाली, "झोपल्यासारखा." अब्बांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, चेहरा कसा होता. फुफीने पुन्हा तेच सांगितलं. कलिंगडाचा हट्ट आठवून नऊ वर्षांच्या नाजिमाला तेव्हा लाज वाटली होती, आणि ती लाजच तिला इतकी वर्षं लक्षात राहिली होती. तो प्रश्न आज वर आला.

म्हणजे जेवताना अब्बा हे मोजत होते. सकाळी कळलं तर रात्रीपर्यंत पोरगी पोचेल, तेवढं थांबवता येईल, तिला चेहरा बघता येईल. आपल्याला जसं कुणाला तरी विचारत बसावं लागलं तसं तिला विचारावं लागणार नाही. मग ठीक आहे. त्यांनी स्वतःचं मरण त्या चौदा तासांत बसवून पाहिलं होतं, ते बसलं होतं, आणि म्हणून त्यांनी पुन्हा वाढून घेतलं होतं. आणि तिने त्यांना जो आकडा दिला होता तो गोलावर ओढलेल्या रेघेचा होता. ती रेघ तिला पाठ होती: पुण्याहून जवळजवळ सरळ उत्तरेला, काराकोरमवरून, सायबेरियावरून, ध्रुवाच्या अगदी कडेने, आणि मग पलीकडच्या बाजूने खाली. किती सुंदर आहे, असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं. त्या रेघेवरून पुण्याचं एकही विमान जात नव्हतं. होळकर पुलावर बस आली तेव्हा खालून नदीचा उबट, कुजका वास आत आला आणि नाजिमाने पहिल्यांदाच स्वतःशी स्पष्ट म्हटलं की आज नकार कळवावा लागेल. म्हटल्यावर तिला रडू आलं नाही. बसमधला आवाज मात्र एकदम खूप लांबून आल्यासारखा झाला.

बाजारात शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर अब्बा आणि रंगनाथकाका बसले होते. दोघे एकाच फॅक्टरीत होते आणि निवृत्त झाल्यापासून दुपारपासून संध्याकाळपर्यंत एकाच बाकावर होते. काकांचा मुलगा तेजस एडमंटनजवळच्या कॅलगरीला होता. आज दुपारी काय झालं असेल ते नाजिमाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"या," रंगनाथकाका म्हणाले. "चौदा तासवाल्या आल्या."

"काका, तो आकडा..."

"नाही, मी आपलं साधं विचारलं. आमचा तेजस येतो तेव्हा दोन दिवस अंघोळ नसते त्याला. तुम्ही नवीन रस्ता काढला असेल तर त्यालाही सांगावं म्हटलं."

"रस्ता आहे, काका. त्यावरून विमान जात नाही."

"म्हणजे उद्घाटन व्हायचंय," काका म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला. "जा रज्जाक, घरी जा. पोरीला भूक लागली असेल."

अब्बा उठले. हात मागे बांधून ते चालायला लागले आणि नाजिमा शेजारून. फळांच्या गाड्या, भजीच्या तेलाचा वास, मोबाईलच्या दुकानातली गाणी, यातून दोघे बरंच चालले. शाळेतून येताना ती अशीच त्यांच्या शेजारून चालायची तेव्हा त्यांची पावलं मोठी पडायची आणि तिला मधूनच पळावं लागायचं. आता तिला हळू चालावं लागत होतं. हे कधीपासून, ते तिने कधी बघितलं नव्हतं.

"मी तुम्हाला ऑफिसमधला वेळ सांगितला," ती म्हणाली. "सरळ गेलं तर लागतो तो. मुद्दाम नाही, पण नंतर सुधारलाही नाही."

"खोटा होता का?"

"अंतर खरं होतं. पोचायला जास्त लागतं."

"किती?"

"तीस तास. कधी पस्तीस. आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की विमानं सुटत नाहीत. मग किती, ते सांगता येत नाही."

सांगता येत नाही, असं तिने अंतराबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. अब्बा मराठीत बोलत होते हे तिच्या लक्षात आलं होतं. ते एका बंद शटरपाशी थांबले.

"म्हणजे नाही जमणार," ते म्हणाले.

"तुम्ही मिरजेचं मोजत होता ना, त्या दिवशी."

अब्बांनी नाही म्हटलं नाही. "अम्मीला बोलू नकोस. म्हणेल, जेवताना काय काय आणता डोक्यात."

"मग मी कळवते त्यांना. येत नाही म्हणून. आजच कळवायचंय."

"का?" अब्बा एकदम म्हणाले, इतके कोरडे की बाजूने जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "मी कधी जातो ते बघत खडकीत बसून राहणार?"

शटरवरचा हिरवा रंग नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटला होता. नाजिमा त्याच्याकडे बघत राहिली. अब्बा आता हळू आवाजात बोलायला लागले, वाक्यं शोधत.

"दुपारी फोन ठेवला तेव्हा माझ्याही मनात आलं, नको म्हणून सांगावं. रंगनाथला म्हटलंही तसं. तो म्हणाला, तुझी मुलगी आहे, तू ठरव, पण तुझं तोंड मात्र मला रोज बघावं लागणार. मग मी बसलो तसाच. माझी अम्मा गेली तेव्हा मी कुठे होतो? इथेच, या गल्लीत. इथून मिरज काय लांब आहे? तरी नाही पोचलो. मग तीस तास झाले काय, तीनशे झाले काय. त्या वेळेला कितीही जवळ असलं तरी पुरत नाही बघ. तू शेजारच्या खोलीत झोपलेली असशील आणि उशीर झालेला असेल."

"पण तुम्ही फुफीला विचारत होता, चेहरा कसा होता."

"ते तुझ्या लक्षात आहे?" अब्बांनी तिच्याकडे बघितलं. मग ते शटरला टेकले. "खरं सांगू? मला ते नाही सलत. त्याच्या आधीच्या ईदला फॅक्टरीत ओव्हरटाइम होता, म्हणून मी गेलो नाही. अम्मा दिवसभर दाराशी बसली होती म्हणे. म्हटलं, बकरीदला जाऊ. मला चेहरा आठवायचा होता आणि मी तो वर्षभर बघितलाच नव्हता, म्हणून विचारत होतो." त्यांनी हात मागे बांधले होते ते सोडले. "जावेदला मी सांगून ठेवतो. माझं झालं की नेहमीसारखं उरकायचं, कुणासाठी थांबायचं नाही. तुझ्यासाठीही नाही. तू धावत यायचं नाहीस, तिथे बसून दुआ करायची. वाट बघायची ती मी जिवंतपणी बघेन. जिवंत माणसाला थांबता येतं. तुझं ते बर्फ पडलं तर एक दिवस थांबेन, दोन दिवस थांबेन, माझं काय बिघडत नाही. पण तेव्हा ये. ईदला ये. नाही जमलं ईदला, तर कधीही ये."

नाजिमाने मान हलवली. इतका वेळ लांब गेलेला आवाज जवळ आला, भजीवाल्याच्या झाऱ्याचा, रिक्षांचा, पलीकडे खडकी स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा. तिला अब्बांचा चेहरा बघायचा होता, आणि तिने तो बघितला: डाव्या भुवईतला एकच पांढरा लांब केस, गालावर दाढी करताना राहून गेलेले खुंट, ओठांच्या कडेला दुपारच्या पानाची फिकट रेष. हे सगळं रोजच होतं. "काय बघतेस?" अब्बा दखनीत म्हणाले. "कुछ नहीं," ती म्हणाली. दोघं पुन्हा चालायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी शालूताई मेथी निवडत ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि पायाशी देठांचा ढीग. "काय रज्जाकभाई," त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोरगी जायची म्हणे लवकरच. चौदा तासांत पोचते, खरं का?"

अब्बा थांबले. "चौदा कुठलं. तीस. पस्तीसही लागतात. मध्ये दोनदा उतरायचं, सामान बघायचं, दुसरं विमान शोधायचं. बर्फ पडलेलं असलं तर तिथेच बसून राहायचं, सोडतच नाहीत."

"अगंबाई. एवढं लांब?"

"लांबच आहे," अब्बा म्हणाले. "येईल सावकाश."

शालूताईंनी जाण्याबद्दल विचारलं होतं, अब्बांनी येण्याचं सांगितलं. मेथीची जुडी हातात तशीच धरून त्या अब्बांकडे बघत राहिल्या, आणि अब्बा ओट्याच्या कडेवर बसून त्यांना सांगायला लागले की बर्फ नुसतं थंड नसतं, त्याचे थर असतात, आणि त्या थरांतूनही ऊब हळूहळू सरकत असते, पोरगी तेच बघायला चालली आहे. नाजिमाने मोबाईल काढला. दोन ओळींचा मजकूर होता तसाच होता. तिने तो एकदा वाचला आणि पाठवला. अब्बांचं अजून संपलं नव्हतं, म्हणून ती शालूताईंच्या शेजारी बसली आणि मेथीची एक काडी उचलून पानं खुडायला लागली.